वाऱ्याने छत्री फिरली, आता उपग्रह कुठे शोधायचा?

प्रश्न : आम्ही बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दापोऱ्याचे. आमचा सगळा केळीचा भाग. मे अखेरच्या वादळात गच्चीवरची छत्री फिरली. घरात डीडी फ्री डिश आहे आणि आईला सह्याद्रीवरच्या बातम्या पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. मुलगा वर जाऊन डिश हलवतो, मी खाली टीव्हीपुढे बसून ‘आलं, गेलं’ सांगतो. बॉक्सवर सिग्नलची स्ट्रेंथ सत्तरच्या वर दिसते, पण क्वालिटी शून्यच राहते. शेजाऱ्यांच्या छत्र्या पाहून लावावी म्हटलं, तर एकेकीचं तोंड एकेकीकडे. आमच्या गावातून डिश नेमकी कोणत्या दिशेला आणि किती वर करायची? ती तर समोरच्या घराकडे तोंड करून उभी असते, मग आकाशातलं कसं पकडते? आणि पाऊस जोरात आला की चित्र का जातं?
– एक वाचक, दापोरा (जि. बुऱ्हाणपूर)

उत्तर : आधी तुम्हाला हवे असलेले आकडे देतो, कारण टीव्ही बंद पडलेल्या घराला सिद्धांत नंतर वाचले तरी चालतात. फ्री डिशसाठी तुमच्या गावातून डिशची दिशा होकायंत्रावर सुमारे १३९ अंश. आग्नेय दिशा १३५ अंशांवर येते, म्हणजे अगदी आग्नेय आणि तिथून चार अंश दक्षिणेकडे. उंची क्षितिजापासून सुमारे ५८ अंश. आणि पुढच्या दांडीवरची एलएनबी, म्हणजे लहरी टिपणारी डबी, तिच्या शून्य खुणेपासून सुमारे ३७ अंश फिरवलेली. हे आकडे बुऱ्हाणपूर शहराचे अक्षांश-रेखांश, म्हणजे साधारण २१.३ अंश उत्तर आणि ७६.२ अंश पूर्व, धरून काढले आहेत. आसपासच्या गावांत त्यात जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

पण एवढे आकडे हातात असूनही पुष्कळांची डिश लागत नाही, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा आकाशात नसतं, गच्चीवरच्या पाइपात असतं. ते का, हे कळण्यासाठी उपग्रह कुठे आहे ते आधी पाहू.

उपग्रह नेमका कुठे आहे?

फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून येतात. इस्रोचा हा ३,१६४ किलो वजनाचा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियान-५ रॉकेटने आकाशात गेला. त्याची जागा आहे ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या बरोब्बर वर, जमिनीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. त्याच्या खाली सरळ रेघ ओढली तर ती सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला हिंदी महासागरात पडते. तुमच्या गच्चीपासून त्याचं तिरपं अंतर भरतं सुमारे ३६,६०० किलोमीटर.

इतक्या उंचीवरच्या उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला २३ तास ५६ मिनिटं लागतात. पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढाच वेळ लागतो. उपग्रह सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो, पण खालची जमीनही त्याच चालीने वळत असल्याने तो आपल्याला एकाच जागी थांबलेला दिसतो. अशा कक्षेतून साऱ्या जगाला संदेश पोचवता येतील, ही कल्पना इंग्रज लेखक आर्थर सी. क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये एका नियतकालिकातल्या लेखात सविस्तर मांडली होती. तेव्हा एकही कृत्रिम उपग्रह आकाशात नव्हता.

चंद्र-सूर्याच्या ओढीने हे उपग्रह हळूहळू जागेवरून सरकू पाहतात, म्हणून त्यांची छोटी इंजिनं अधूनमधून चालवून त्यांना जागेवर आणलं जातं. इस्रोचं हे काम दोन केंद्रांतून चालतं. एक कर्नाटकात हासनला आणि दुसरं तुमच्याच राज्याच्या राजधानीत, भोपाळला. तात्पर्य हे, की उपग्रहाची जागा राखण्याची जबाबदारी कुणीतरी अहोरात्र पार पाडत आहे. काल लागलेली डिश आज लागत नसेल तर हललं आहे ते आपल्या बाजूचं.

शेजाऱ्यांच्या छत्र्या वेगळ्या दिशेला का?

कारण त्यांचे उपग्रह वेगळे आहेत. हे सगळे उपग्रह विषुववृत्तावरच्या एकाच गोलाकार कक्षेत, वेगवेगळ्या रेखांशांवर, ओळीने बसलेले आहेत. तुमच्या गच्चीवरून ही ओळ आकाशात एका कमानीसारखी पसरलेली असते. दक्षिणेला ती सर्वांत उंच आणि पूर्वेकडे व पश्चिमेकडे उतरत गेलेली.

टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर आहेत. तुमच्या भागातून त्यांची दिशा सुमारे १६२ अंश आणि उंची ६४ अंश येते, म्हणून ती छत्री दक्षिणेकडे जास्त वळलेली आणि जास्त उताणी असते. डीटूएचचा उपग्रह ८८ अंशांवर, म्हणजे दिशा १५० आणि उंची ६२ च्या आसपास. एअरटेलचा थेट १०८.२ अंशांवर. त्याची दिशा जवळपास १२० आणि उंची फक्त ४६, म्हणून ती छत्री पूर्वेकडे कललेली आणि बरीच उभी दिसते. एकाच गल्लीतल्या चार छत्र्यांची तोंडं चार दिशांना असण्यामागे एवढाच हिशेब आहे. त्यामुळे नक्कल करायची तर फक्त फ्री डिश असलेल्या घराच्या छत्रीची करावी.

यात एक फसगत होते ती डिश टीव्हीच्या बाबतीत. तिचा उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे फ्री डिशच्या अगदी शेजारी आहे. तुमच्या गच्चीवरून दोघांच्या दिशेत जेमतेम अडीच अंशांचा आणि उंचीत एका अंशाचा फरक पडतो. शोध घेताना क्वालिटी आली, पण वाहिन्यांच्या यादीत अनोळखी नावं दिसू लागली, तर समजा की तुम्ही शेजारच्या उपग्रहावर पोचला आहात. तिथून डिश किंचित दक्षिणेकडे आणि एक अंशभर वर घेतली की जीसॅट-१५ सापडतो.

डिश समोरच्या घराकडे बघते, मग आकाशातलं कसं पकडते?

हा प्रश्न विचारलात ते फार चांगलं केलंत, कारण चुकीची उंची लागण्याचं हे मोठं कारण आहे. नव्वदच्या दशकात केबलवाल्यांच्या गच्चीवर जाळीच्या मोठमोठ्या डिश असत. त्यांच्या ऐन मध्यासमोर रिसीव्हर टांगलेला असे आणि त्या जिकडे तोंड, तिकडेच बघत. घरच्या साठ सेंटिमीटरच्या छत्रीची घडण वेगळी आहे. तिचा पत्रा म्हणजे मोठ्या वाडग्याच्या मधला भाग नसून कडेकडचा कापून घेतलेला तुकडा. त्यामुळे वरून येणारी लहर तिच्यावर आपटून खालच्या दांडीवरच्या एलएनबीत जाते. तिरप्या उन्हात आरसा धरून भिंतीवर कवडसा पाडताना आरशाचं तोंड सूर्य आणि भिंत यांच्या मध्येच कुठेतरी ठेवावं लागतं, तसंच हे.

या घडणीमुळे डिशच्या तोंडाचा कोन आणि ती प्रत्यक्ष जिकडे बघते तो कोन, यांत साधारण २२ ते २६ अंशांचा फरक असतो. तुम्हाला ५८ अंशांवर बघायचं आहे, म्हणजे पत्रा उभ्या रेषेपासून सुमारे ३४ अंशच मागे कललेला हवा. नजरेला ती समोरच्या घराकडे बघते आहे असंच वाटणार, आणि ते योग्य आहे. तोंड आकाशाकडे हवं म्हणून ती ५८ अंश मागे झुकवली, तर ती थेट डोक्यावरच्या रिकाम्या आकाशाकडे बघत बसेल. मागच्या क्लॅम्पवर अंशांची पट्टी असेल तर हा फरक बहुधा धरूनच आकडे छापलेले असतात. पट्टीवर सरळ ५८ लावावं.

याच बाबीतून अडथळ्याचाही हिशेब निघतो. लहर ५८ अंशांनी खाली येते, म्हणून डिशच्या आग्नेयेला एखादी भिंत किंवा झाड डिशपेक्षा जितकं उंच असेल, त्याच्या साधारण दोन तृतीयांश तरी अंतर मध्ये हवं. भिंत डिशहून तीन मीटर उंच असेल तर दोन मीटर लांब हवी. निंबाचा शेंडा डिशहून नऊ मीटर वर असेल तर तो सहा मीटर लांब हवा. शेतातल्या खोलीवर किंवा जमिनीलगत डिश लावली असेल तर केळीच्या बाबतीतही हाच हिशेब. लागवडीच्या वेळी व्यवस्थित चालणारी डिश बाग वाढल्यावर अडखळू लागते, कारण ओल्या पानांतून ही लहर नीट पार होत नाही.

स्ट्रेंथ सत्तर आणि क्वालिटी शून्य, याचा अर्थ काय?

स्ट्रेंथचा आकडा सांगतो की वायरीतून बॉक्सपर्यंत काहीतरी पोचत आहे. त्यात एलएनबीच्या स्वतःच्या विजेचा गोंगाटही धरलेला असतो. डिश भिंतीकडे वळवली तरी बऱ्याच बॉक्सवर स्ट्रेंथ चांगली दिसते. क्वालिटीचा आकडा सांगतो की त्या गोंगाटातून बॉक्सला ओळखीचा संदेश वेगळा काढता आला की नाही. तुमच्या घरी स्ट्रेंथ दिसते आहे, म्हणजे वायर आणि एलएनबी बहुधा ठीक आहेत. दिशा चुकली आहे एवढंच. यापुढे नजर फक्त क्वालिटीवर ठेवा.

स्ट्रेंथही शून्य असती तर आधी वायर तपासायला सांगितलं असतं. छत्रीकडच्या टोकाला पिनेत पाणी शिरून तांबं हिरवट होणं, किंवा वायरीच्या जाळीचा एखादा बारीक तंतू मधल्या तांब्याला टेकणं, ही नेहमीची दुखणी आहेत. पिन सोडवण्याआधी बॉक्सचा प्लग काढा. त्या वायरीतूनच बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टची वीज पुरवत असतो आणि टोकं एकमेकांना चिकटली तर बॉक्स बिघडू शकतो. वायर पिनेपाशी थोडी खाली झोका देऊन मग वर न्यावी, म्हणजे पावसाचं पाणी झोक्यावरून ठिबकून जातं, पिनेत उतरत नाही.

आता लावायची कशी?

पहिलं काम ओळंब्याचं. गवंडी भिंत तपासतो तोच ओळंबा घ्या, नसेल तर दोऱ्याला नट बांधा. पाइपाच्या एका बाजूने तो धरा, मग काटकोनात वळून दुसऱ्या बाजूने धरा. दोन्हीकडून पाइप दोऱ्याला समांतर दिसला पाहिजे. वादळात डिश फिरते तेव्हा पुष्कळदा पाइपही किंचित कलतो आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. समजा पाइप दक्षिणेकडे तीन अंश कलला आहे. पट्टीवर तुम्ही ५८ लावलं, तर दक्षिणेकडे तोंड असताना डिश प्रत्यक्षात ५५ वर बघते, पूर्वेकडे वळवली की ५८ वर, आणि आग्नेयेला या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. दिशा शोधायला डिश फिरवली की उंची आपोआप बदलते, आणि दिवसभर फिरवूनही दोन्ही गोष्टी एका वेळी जुळत नाहीत. पाइप ओळंब्यात असेल तर उंची एकदाच लावायची आणि मग फक्त दिशा शोधायची. अवघड काम निम्म्यावर येतं. बेस हलत असेल तर आधी तो पक्का करा. सैल बेसवर लावलेली डिश पुढच्या वाऱ्याला पुन्हा फिरणारच.

दुसरं काम उंचीचं. पट्टीवर ५८ लावून उंचीचे नट घट्ट करा आणि सध्या त्याला हात लावू नका.

तिसरं काम दिशेचं. मोबाइलमधलं होकायंत्र चालेल. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक असल्याने आकडा दुरुस्त करण्याची गरज नाही. मात्र लोखंडी पाइप आणि पत्र्याचं छप्पर यांच्याजवळ होकायंत्र भरकटतं. म्हणून चार-पाच पावलं मागे सरून, डिशच्या पाठीशी उभं राहून १३९ अंशांची दिशा पाहा आणि त्या रेषेत लांबचं एखादं झाड, टाकी किंवा खांब हेरून ठेवा. डिशची दांडी त्या खुणेकडे वळवा.

सूर्यावरूनही दिशा काढता येते. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास तुमच्या गावातून सूर्य नेमका १३९ अंशांच्या दिशेला असतो. त्या वेळी ओळंब्याच्या दोऱ्याची सावली जमिनीवर जिकडे पडते, त्याच्या बरोबर उलट दिशेला डिश हवी.

चौथं काम बारीक शोधाचं. इथे धीर लागतो. साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना दीड-दीड अंश. डिशची कड अर्धा सेंटिमीटर सरकली की एक अंश झाला. चाळीस मिलिमीटरच्या पाइपावर तोच एक अंश एक तृतीयांश मिलिमीटरचा असतो. त्यातच बॉक्सला संदेश ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. मुलगा वर सावकाश का होईना, पण डिश सतत फिरवत राहिला, तर ती उपग्रहावरून जाते तेव्हा बॉक्स अजून विचारच करत असतो, आणि तुम्ही ‘काही नाही’ म्हणता तोवर ती पुढे निघून गेलेली असते. पुष्कळ घरांत उपग्रह असाही हुकतो.

म्हणून नट एवढेच सैल करा की डिश हाताने जोर लावल्यावरच हलेल. कड अर्धा सेंटिमीटर सरकवा, हात काढा, मनात पाच आकडे मोजा, क्वालिटी विचारा. मग पुढचा अर्धा सेंटिमीटर. खुणेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा अंश असं चाचपून झालं आणि काही मिळालं नाही, तर उंची एक अंश बदलून पुन्हा तोच क्रम. गच्चीवरून हाका मारण्यापेक्षा व्हिडिओ कॉल लावून मोबाइल टीव्हीपुढे ठेवलात, तर मुलाला क्वालिटी स्वतःच दिसेल आणि काम लवकर होईल.

क्वालिटी आली की लगेच नट आवळू नका. डिश आणखी त्याच बाजूला सरकवत क्वालिटी जिथे पुन्हा जाते तिथे पाइपावर पेन्सिलने खूण करा. मग उलट बाजूला नेऊन जिथे जाते तिथे दुसरी खूण. दोन खुणांच्या मध्यावर डिश आणा. उंचीबाबतही हेच करा. काठावर लागलेली डिश कोरड्या दिवशी छान चालते आणि पहिल्या पावसात दगा देते.

पाचवं काम एलएनबीचं. या लहरी आडव्या आणि उभ्या अशा दोन पट्ट्यांत कंप पावत येतात, आणि कमानीच्या पूर्व उतारावरचा उपग्रह तुमच्या गच्चीवरून पाहता या पट्ट्या कललेल्या दिसतात. तेवढीच एलएनबी कलती करायची. वायर सरळ खाली लोंबते ती बहुतेक एलएनबींची शून्य स्थिती. डिशच्या पाठीशी उभं राहून आकाशाकडे बघताना ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुमारे ३७ अंश फिरवा. समोरून बघाल तर वायरीचं टोक घड्याळात सातच्या थोडं पुढे आलेलं दिसेल. मग दोन्हीकडे किंचित हलवून क्वालिटीचा सर्वांत मोठा आकडा जिथे मिळेल तिथे थांबा.

शेवटी नट. ते आवळतानाही डिश सरकते. म्हणून एका बाजूचा थोडा, मग समोरच्या बाजूचा थोडा, असे आळीपाळीने आवळा आणि प्रत्येक वेळी क्वालिटी पाहा. सगळं घट्ट झालं की क्लॅम्प आणि पाइप या दोघांवरून जाणारी ऑइल पेंटची एक उभी रेघ ओढा आणि उंचीच्या पट्टीवरही तशीच खूण करा. पुन्हा वारा आला तर रेघेला रेघ जुळवली की झालं.

पावसात चित्र का जातं?

या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. मोठ्या थेंबांचा दाट पाऊस ती ऊर्जा शोषतो आणि विखरून टाकतो. पावसाचे ढग खालच्या चार-पाच किलोमीटरच्या थरात पाणी धरून असतात आणि तुमची लहर त्या थरातून तिरपी येते, म्हणजे सहाएक किलोमीटर पावसातूनच तिला वाट काढावी लागते. धो-धो पावसात दहा-पंधरा मिनिटं चित्र गेलं तर ते निसर्गाचं, तिथे कुणाचाच इलाज चालत नाही. पण रिमझिम पावसातही चित्र फुटत असेल तर डिश काठावर लागली आहे किंवा पिनेत पाणी शिरलं आहे. चांगल्या लागलेल्या डिशला साधा पाऊस अडवत नाही.

याचाच दुसरा प्रकार स्वच्छ उन्हात घडतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत अकराच्या आसपास, तुमच्या गच्चीवरून सूर्य बरोब्बर जीसॅट-१५ च्या पाठीमागे येतो. सूर्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा संदेश बुडतो आणि काही मिनिटं चित्र फुटू शकतं. डिशला हात लावायची गरज नाही, सूर्य पुढे सरकला की ते आपोआप येतं.

या मिनिटांचा मोठा उपयोगही आहे. त्या वेळी गच्चीवर जाऊन डिशकडे बघा. तिच्यावर झाडाची, टाकीची किंवा भिंतीची सावली पडलेली असेल, तर तोच अडथळा वर्षभर तुमच्या वाटेत आहे. सावली नसेल आणि पत्र्यावरून उसळलेला उजेड नेमका एलएनबीच्या तोंडावर गोळा झालेला दिसत असेल, तर तुमची डिश बिनचूक लागली आहे. हे तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही.

मध्य प्रदेशात राहून सह्याद्री दिसण्यात अडचण तर नाही ना?

तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण सीमेवरच्या गावांतून हा प्रश्न नेहमी येतो. काहीच अडचण नाही. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून प्रक्षेपण होत असे तेव्हा मनोऱ्याच्या टप्प्यात राहणाऱ्यालाच आपली भाषा दिसे. १९७२ साली सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनचं चित्र साध्या अँटेनावर मुंबईच्या फार पलीकडे पोचण्यासारखं नव्हतं, आणि तापीकाठच्या मराठी घरांपासून तर ते कितीतरी दूर होतं. उपग्रहाच्या झोताला राज्याची सीमा माहीत नाही. दिल्लीतल्या तोडापूरच्या केंद्रातून फ्री डिशचा संदेश वर जातो आणि जवळजवळ अख्ख्या देशावर एकसारखा उतरतो. डहाणूत दिसतं तेच दापोऱ्यात दिसतं, आणि त्यासाठी महिन्याचं शुल्क नाही. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने ठरत असल्याने त्यांतल्या मराठी वाहिन्या बदलत राहतात. सह्याद्री मात्र दूरदर्शनची स्वतःची आहे. अधूनमधून बॉक्समध्ये वाहिन्यांचा शोध नव्याने चालवावा, म्हणजे बदललेली यादी दिसते.

खेड्यातल्या घरावर थेट उपग्रहातून चित्र उतरवण्याचा मोठा प्रयोग याच देशात झाला, हेही सांगायला हवं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. विक्रम साराभाई यांनी त्याची पायाभरणी केली होती, पण तो पाहायला ते हयात नव्हते. त्या सहा राज्यांत मध्य प्रदेशही होता. गावोगाव बसवलेल्या त्या जाळीच्या डिश तीन मीटर व्यासाच्या होत्या. उपग्रहांची ताकद वाढत गेली, तसतशी खालची डिश लहान होत आज साठ सेंटिमीटरवर आली. मात्र डिश लहान झाली तरी समोरचं आकाश मोकळं हवं आणि नेम मध्यावर हवा.

हे काम स्वतः करावं की माणूस बोलवावा?

तुम्ही आणि मुलगा मिळून नक्की करू शकता. मीटर घेऊन येणारा कारागीर हेच पाच टप्पे करतो, फक्त त्याचा हात सरावलेला असतो. दोन बाबतींत मात्र त्यालाच बोलवा. डिशजवळून विजेची तार जात असेल, किंवा डिश उतरत्या पत्र्यावर असून पाय ठेवायला सपाट जागा नसेल, तर वर चढू नका. आकाशात गडगडाट असताना तर कुणीच चढू नये. या अडचणी नसतील तर एखाद्या कोरड्या सकाळी, वारा पडलेला असताना, ओळंबा, दोन पाने, पेन्सिल आणि मोबाइल घेऊन सुरुवात करा. उंची ५८, दिशा १३९, एलएनबी ३७ हे तीन आकडे घराच्या भिंतीवर लिहून ठेवा आणि मुलाला फक्त डिश हलवायला न लावता ते कुठून आले हेही समजावून सांगा. गावात ज्यांच्याकडे फ्री डिश आहे, त्या सगळ्यांच्या गच्चीवर हेच आकडे लागू पडतात, आणि वादळानंतर त्यांचा उपयोग अनेक घरांना होईल.